कागद तिचा, घाई तुमची

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. मुलगी ठाण्यातल्याच कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. बारावीला 84 टक्के होते, पण सीए फाउंडेशनचा पहिला अटेम्प्ट हुकला. चारही पेपरांत चाळीसच्या वर आहे, एकूणात पन्नास टक्के झाले नाहीत. गेल्या दिवाळीत मुरबाडजवळच्या गावचं घर आवरताना पेटीत व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा एक स्टँप पेपर सापडला, सगळा मोडी लिपीत लिहिलेला. तेव्हापासून तिने मोडीचं वेड घेतलं. मोबाइलवर अक्षरांचा तक्ता उघडून महिनाभरात एकटीने गावाचं नाव आणि 'शके 1816' एवढं वाचलं. याआधी जपानी, युकुलेले, क्रोशे आणि फोटोग्राफी सुरू करून सोडून झालंय. नव्याचे नऊ दिवस! आमची मुलगी आरंभशूर आहे. हे तरी टिकावं म्हणून मी लगेच सहा हजारांचा ऑनलाइन क्लास लावला, तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर मोडीचं पेज उघडून दिलं, भावाच्या ओळखीतल्या एका प्राध्यापकांकडे नेऊन आणलं. पूर्वी रात्री जेवणं झाली की ती कागद घेऊन बसायची, ते हल्ली बंद झालंय. मोडी वाचणाऱ्यांना सध्या खूप मागणी आहे असं ऐकते. यात करिअर होईल का? होणार असेल तर कोणता कोर्स लावू, आणि नसेल तर आत्ताच थांबवू का?
– एक आई, ठाणे

उत्तर : ताई, नमस्कार.

टक्के, अटेम्प्ट, कोर्स, मागणी या सगळ्याच्या मध्ये तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले. रात्री जेवणं झाली की ती कागद घेऊन बसायची, आणि आता बसत नाही. हे कधीपासून? तुमच्याच पत्राचा क्रम लावला तर क्लास लागल्यापासून. तुम्हाला हे तिच्या धरसोडीचं आणखी एक उदाहरण वाटतंय. मला वेगळं वाटतं.

त्या महिन्यात ती काय करत होती ते बघा. ज्या लिपीचा तिला गंध नव्हता, त्या लिपीतला कागद समोर धरून एकेक अक्षर तक्त्याशी ताडून पाहत होती. शिकवायला कुणी नव्हतं, परीक्षा नव्हती, कुणी विचारतही नव्हतं. त्यातून गावाचं नाव लागलं. मग शके 1816 लागलं, त्यात 78 मिळवले की 1894 येतं. म्हणजे तुमच्या घरातल्या कुणीतरी 1894 साली स्टँप पेपरवर काहीतरी लिहून दिलं किंवा लिहून घेतलं. कर्जरोखा असेल, गहाणखत असेल, खरेदीखत असेल. रक्कम किती, कुणाकडून, फिटली की जमीन गेली, ते सगळं उरलेल्या ओळींत आहे. त्या पोरीला मोडी 'शिकायची' नव्हती, तिला तो कागद वाचायचा होता. तुम्ही तिला क्लासात बसवलंत आणि तिथे पहिल्या दिवशी स्वर, दुसऱ्या दिवशी व्यंजनं, तिसऱ्या दिवशी बाराखडी, आणि सोमवारपर्यंत होमवर्क. क्लास वाईट असेल असं मी म्हणत नाही, बाराखडी लागतेच. पण तिचा प्रश्न पेटीत परत गेला.

तिच्या कुतूहलाला पेज काढून देणं हा तर कहर आहे. दोन शब्द जेमतेम वाचता येणाऱ्या मुलीने रोज जगाला काय दाखवायचं?

आणि आता जरा कडू बोलते. त्या चार छंदांची यादी तुम्ही पुराव्यासारखी दिली आहे. त्यातला प्रत्येक क्लास शोधला कुणी, फी भरली कुणी, आणि 'मग आता याची परीक्षा कधी?' हे पहिल्यांदा विचारलं कुणी? मला उत्तर कळवायची गरज नाही, स्वतःशी तपासून पाहा. काही घरांत मुलाने एखाद्या गोष्टीकडे दोन दिवस टक लावून पाहिलं की तिसऱ्या दिवशी पावती फाटलेली असते. हेतू चांगलाच असतो. पण त्या क्षणापासून तो छंद मुलाचा राहत नाही, आईवडिलांच्या पदरमोडीचा हिशेब होतो. सोडला तर पैसे बुडवल्याचा ठपका, धरला तर मनाविरुद्ध. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने चार गोष्टी हाताळून सोडल्या यात बिघडलं काय? जपानी सोडली म्हणून मोडीही सुटणार, हे गणित कुठलं? 'आरंभशूर' हा शब्द तिच्यासमोर वापरत असाल तर कृपा करून थांबवा. वारंवार ऐकलेलं विशेषण मुलं खरं करून दाखवतात.

म्हणजे आवड खरी असली की आपोआप टिकते, असंही नाही. मोडीत तर नाहीच. अक्षरओळख दोन-तीन आठवड्यांत होते आणि माणूस खूश होतो. मग खरा कागद समोर येतो. आधी आडवी शिरोरेघ ओढलेली, तिला लगडून हात न उचलता लिहीत नेलेलं, शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका कारकुनाचं वळण दुसऱ्याशी जुळत नाही. 'राजश्री' लिहायच्या जागी नुसतं 'रा॥'. फारसी शब्द जागोजाग. पेशवाईतला कागद असेल तर सुहूर सन, ज्यात 599 किंवा 600 मिळवल्यावर इसवी सन हाती येतो, आणि महिने अरबी. तक्ता पाठ असलेला माणूस इथे पहिल्या ओळीतच आपटतो, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तुमची लेक आत्ता नेमकी या वळणावर आहे. या टप्प्यावर तिला आपल्याला हे जमणारच नाही असं वाटू शकतं. तिला फक्त एवढं कळायला हवं की ही पायरी सगळ्यांनाच अवघड जाते.

आता मागणीबद्दल. तुम्ही ऐकलंय ते कुठून आलं ते मला ठाऊक आहे. 2023 च्या सप्टेंबरात सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं, कोतवाल बुकं, महसुली दप्तरं धुंडाळली जाऊ लागली, त्यातलं बरंच मोडीत, आणि एकाएकी मोडी वाचणारा माणूस सोन्याच्या भावाने विचारला जाऊ लागला. त्यावरून 'मोडीचं सर्टिफिकेट म्हणजे हमखास कमाई' असा समज पसरलाय, आणि तो चुकीचा आहे. एक तर अशी मागणी लाटेसारखी येते, तुमची मुलगी तयार होईपर्यंत थांबत नाही. दुसरं, सर्टिफिकेट मिळणं आणि कागद वाचता येणं यांत काही वर्षांच्या सरावाचं अंतर आहे. अशा नोंदीत एक अक्षर चुकीचं लागलं तर कुणाचा तरी दाखला अडतो किंवा भलत्यालाच मिळतो, जमिनीच्या दाव्यात तर घराणी कोर्टात उभी राहतात. जाणकार वाचक शंका असलेल्या अक्षराखाली खूण करतो आणि 'लागत नाही' असं लिहितो. ही सवय अंगात मुरल्याशिवाय पैशासाठी वाचायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या मोडीवर घर चालवणारे थोडे. सरकारी पुराभिलेखांतल्या, म्हणजे जुने दस्तऐवज सांभाळणाऱ्या खात्यातल्या, जागा मोजक्या.

पुढचा भाग तिला वाचायला द्या.

तुझ्या आईने क्लास लावलाय, तो हवा असेल तर कर, नको असेल तर सांग. पण तो कागद पुन्हा बाहेर काढ. त्याचा चांगला स्पष्ट फोटो घे, मोठा प्रिंट काढ आणि मूळ कागद सुती कापडात सपाट ठेव. लॅमिनेशन अजिबात करू नकोस. रोज रात्री एकच ओळ. वीस मिनिटं झाली की उठायचं, रंगात आली असलीस तरी. एक वही कर. डाव्या पानावर लागलं तेवढं बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत उतरव, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं, शंका असेल तिथे पेन्सिल. उजव्या पानावर याच लेखकाच्या हाताचा तक्ता तयार कर. त्याचा 'क' कसा, त्याचा 'स' कसा, तो 'रुपये' कसा लिहितो. छापील तक्त्यातलं वळण आदर्श असतं, तुझ्या कागदावरचा माणूस घाईत लिहीत होता. 'शके' आणि गावाचं नाव तुला लागलंय, म्हणजे काही अक्षरं पक्की झाली. ती पुढे जिथे जिथे दिसतील तिथे आधी भर, मग मधल्या जागा.

एक ओळ दोन दिवस सुटली नाही तर सोडून पुढे जा. आणि दर महिन्याला गावी एक फोन कर. शेतांची नावं, ओढ्यांची नावं, जुनी आडनावं कुठल्याही कोशात सापडत नाहीत, घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला ती तोंडपाठ असतात. 'असं काहीतरी दिसतंय, इथे कुठलं शेत होतं?' एवढं विचार. अर्ध्या ओळी तिथे सुटतील, शिवाय तुझ्या वाचनाची कुणीतरी वाट पाहत असेल. परीक्षेच्या आधी दोन महिने वही बंद ठेवलीस तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. शेवटचं पान कुठे आहे ते माहीत असलं की झालं.

कागद संपला आणि भूक राहिली, तर पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग निघतात तेव्हा स्वतः फॉर्म भर. तोवर स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, 1893 पासूनचं. मोडीवरची पुस्तकं आहेत का, ते तिथे जाऊन विचार.

तू कॉमर्सची आहेस हे कमी समजू नकोस. मोडीतल्या कागदांचा मोठा भाग म्हणजे हिशेबच. रोजकीर्द, खतावणी, जमाखर्च, वसुलाची पत्रकं. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या 192 पै, ही बेरीज ताळ्याला लावत वाचणारा माणूस हवा असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला लिपी येते आणि हिशेबाचं पान आलं की तो पुढचं पान उलटतो. तू तिथे थांबू शकतेस. जमाखर्चाची दोन्ही अंगं जुळली नाहीत की एखादं अक्षर तू चुकीचं वाचलंयस हे तुला तिथल्या तिथे कळेल. मोडीतलं दुसरं कुठलं लिखाण इतकी चोख चूक दाखवत नाही.

ताई, पुन्हा तुमच्याकडे. फाउंडेशनचं फार काही सांगण्यासारखं नाही. वर्षातून तीनदा परीक्षा असते, चारही पेपर निघण्याइतके गुण आहेत, तेव्हा ज्या पेपरात गुण वाढण्याजोगे आहेत तो धरून पुढचा अटेम्प्ट द्यावा. सीए नकोसं झालं असेल तर बी.कॉम.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी., किंवा अर्थशास्त्रात एम.ए. हेही रस्ते आहेत, आणि जमिनीचे जुने दस्त तपासणाऱ्या वकिलाला मोडी येणं ठाणे जिल्ह्यात वाया जाणार नाही. पण हे ठरवायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे. 'करिअर होत नसेल तर आत्ताच थांबवू का' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. रोज वीस मिनिटांच्या कामाकडून पगाराची हमी मागायची नसते.

तुमच्यासाठी काम एकच, आणि तेच अवघड. जेवणानंतर ती टेबलाशी बसली तर 'किती झालं?' असं विचारू नका. फार वाटलं तर 'काय लिहिलंय गं?' असं विचारा, आणि ती सांगेल तेवढं ऐका. इन्स्टाग्रामचं पेज तिला विचारून बंद करा. प्राध्यापकांना आभाराचा फोन करून सांगा की गरज पडली तर मुलगी स्वतः संपर्क साधेल. आणि सहा हजार परत मिळत नसतील तर ते विसरा. ते वसूल करण्यासाठी तिला क्लासला बसवू नका.