तटस्थ देश हळूहळू महायुद्धात कसा ओढला जातो?

तुम्ही विचारलंय की ज्याला युद्ध नको असतं तो देश शेवटी त्यात सापडतो कसा, एका झटक्यात की पायरीपायरीने. मी पोर्तुगालचं सांगतो, कारण त्या गोष्टीचा एक धागा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या गोव्यातल्या आमच्या वास्कोतून जातो.

आजी सांगायची, ती बारा वर्षांची असताना एका रात्री मुरगाव बंदरात जहाजं पेटली आणि आभाळ लालभडक झालं. ती 9 मार्च 1943 ची रात्र. 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही जर्मन जहाजं 1939 पासून तिथे आसऱ्याला होती, कारण पोर्तुगाल तटस्थ. इंग्रजांचे काही स्वयंसेवक कलकत्त्याहून लपतछपत आले आणि 'एरेनफेल्स'वर चढले. जहाजं त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून खलाशांनीच ती बुडवली, पेटवली. आपल्या बंदरात एवढं घडूनही पोर्तुगाल त्या युद्धात उतरला नाही.

पण त्याआधी बरोबर 27 वर्षांपूर्वी, 9 मार्च 1916 ला, जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं होतं, आणि तेही आसऱ्याला आलेल्या जहाजांवरूनच. त्यांतली काही मुरगावातच होती. 'लिख्टेनफेल्स' आणि 'मारिएनफेल्स' ही दोन तर 1943 मध्ये पेटलेल्या जहाजांच्याच कंपनीची, ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची. हे समजलं तेव्हा मी आजीची गोष्ट सोडून 1916 च्या मागे लागलो.

सुरुवात ऑगस्ट 1914 ची. पोर्तुगाल आणि इंग्लंड यांची मैत्री चौदाव्या शतकातल्या तहांपासूनची. युद्ध पेटल्यावर इंग्लंडने लिस्बनला सांगितलं, तुम्ही लढायला येऊ नका, पण तटस्थ असल्याचं जाहीरही करू नका. लिस्बनने ते ऐकलं. सगळी गोम मला इथे दिसते. तटस्थ देशावर काही बंधनं असतात, तशी त्याला काही हक्काची ढालही असते. पोर्तुगालने ती ढाल कधी हातात घेतलीच नाही. मग इंग्रजांच्या बाजूला रायफली गेल्या, त्यांच्या जहाजांना बंदरं मोकळी राहिली. प्रत्येक वेळी 'मित्राची एवढी अडचण तर काढायलाच हवी' असंच वाटत गेलं असणार.

आफ्रिकेत तर गोळ्याच झाडल्या जात होत्या. अंगोला ही पोर्तुगालची वसाहत आणि तिच्या दक्षिणेला जर्मनांची. त्या सीमेवर नाउलिला नावाचं ठाणं आहे. ऑक्टोबर 1914 मध्ये तिथे पोर्तुगीजांच्या हातून काही जर्मन अधिकारी मारले गेले. 18 डिसेंबरला जर्मन फौजेने येऊन त्या ठाण्यावर पोर्तुगीजांना झोडपून काढलं. माणसं मेली, तरी लिस्बनमधला जर्मन वकील (म्हणजे सरकारचा राजदूत) जागेवर आणि बर्लिनमधला पोर्तुगीज वकीलही जागेवर! युद्ध जाहीर व्हायला अजून सव्वा वर्ष होतं.

आता जहाजांकडे येऊ. युद्ध सुरू होताच जर्मन व्यापारी जहाजं मिळेल त्या पोर्तुगीज बंदरात शिरली होती, सगळी मिळून सुमारे 70. दीड वर्ष ती नांगर टाकून गंजत पडली. तिकडे जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या आणि इंग्लंडला जहाजांची चणचण भासू लागली. फेब्रुवारी 1916 मध्ये इंग्लंडने जुन्या मैत्रीची आठवण देऊन ती जहाजं मागितली. 23 फेब्रुवारीला पोर्तुगीज नौसैनिक लिस्बनच्या तेजो नदीत उभ्या असलेल्या जहाजांवर चढले, पोर्तुगालचा झेंडा फडकवला आणि 21 तोफांची सलामी दिली. नुकसानभरपाई देऊ, असंही सरकार म्हणालं. ती सलामी मला फार बोलकी वाटते. ज्याला खरंच नाइलाज म्हणून दुसऱ्याचं जहाज घ्यावं लागतं, तो तोफा उडवत नाही. मुरगावचं 'लिख्टेनफेल्स' पुढे 'गोवा' झालं आणि 'मारिएनफेल्स' झालं 'दीव'.

म्हणून तुमच्या प्रश्नातला 'ओढला जातो' हा शब्द मला निम्माच पटतो. दोर बाहेरून ओढला जात होता तसा आतूनही. पोर्तुगालमध्ये 1910 साली राजा जाऊन प्रजासत्ताक आलं होतं आणि राजेरजवाड्यांच्या युरोपात त्याला कोणी फारसं मोजत नव्हतं. शिवाय 1898 मध्ये इंग्लंड आणि जर्मनीने पोर्तुगालच्या वसाहती वाटून घेण्याचा गुप्त करार केला होता, 1913 मध्ये पुन्हा तसा मसुदा तयार झाला. जहाजं घेतली तेव्हाचे पंतप्रधान आफोंसो कोश्ता आणि त्यांच्या पक्षाला भीती होती की युद्धानंतरच्या वाटाघाटींत आपण टेबलावर नसलो, तर आपल्या वसाहतीच टेबलावर मांडल्या जातील. भीती खोटी नव्हती. पण देश त्यांच्या मागे एकदिलाने उभा नव्हता आणि सैन्यातही फूट होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते युद्धात गेले, म्हणून मी त्यांना दोषातून मोकळं करू शकत नाही.

पुढे सुमारे 55,000 सैनिक फ्लँडर्सच्या चिखलात पाठवले गेले. 9 एप्रिल 1918 ला लिस नदीकाठी जर्मन हल्ला आला तेव्हा एका दिवसात सात हजारांहून अधिक माणसं गमावली, बहुतेक कैद झाली. आफ्रिकेतल्या मोझांबिक या दुसऱ्या वसाहतीत लढाईपेक्षा रोगराईने जास्त सैनिक नेले, आणि ओझी वाहायला जबरदस्तीने धरून नेलेले आफ्रिकी हमाल किती गेले, याची धड नोंदही कोणी ठेवली नाही. लिस्बनमध्ये मे 1917 मध्ये भुकेले लोक दुकानं फोडत होते. बंदरांत ताब्यात घेतलेली बरीचशी जहाजं तोवर इंग्रजांना भाड्याने दिलेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात कोश्तांचं सरकार उलथवलं गेलं. उलथवणारे सिदोनियो पाइश म्हणजे युद्ध जाहीर होईपर्यंत बर्लिनमध्ये असलेले तेच पोर्तुगीज वकील.