यामाहाची आरडी ३५० ही मोटरसायकल नेमकी कशातून घडली?

सुरुवात १९५९ च्या वायडीएस-१ पासून. २५० सीसी, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक वर-खाली फेरीत एकदा जोर देणारं इंजिन. १९६४ च्या वायडीएस-३ मध्ये ऑटोल्यूब आलं. पंपच इंजिनाला ऑइल देऊ लागला, पेट्रोलमध्ये ते मिसळायची कटकट संपली. १९७० ची आर-५ म्हणजे ३४७ सीसीचं नवं इंजिन. पण माझ्या मते खरी झेप १९७३ ची. आरडीत रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेनं उघडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपा बसल्या, त्यामुळे सिलिंडरकडे निघालेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत फिरेना आणि कमी आरपीएमलाही, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, गाडी जोमानं ओढू लागली. १९८० च्या आरडी ३५० एलसी या मॉडेलात पाण्यानं थंड होणारं इंजिन आलं. आपली राजदूत ३५० मात्र १९८३ ची असूनही जुन्या एअर-कूल्ड आरडीवरच बेतलेली, तीही पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक लावून. एवढ्या वेगवान गाडीला ते ब्रेक अपुरेच होते.