‘नवऱ्याची हरकत नाही’ म्हणजे काय?

ताई,
मी ३७ वर्षांची, न्यू जर्सीत एडिसनला राहते. पुण्यातून बीई केलं, दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, मागच्या वर्षी नोकरी गेली. लेक सहा वर्षांची आहे. ती वेळेआधी जन्मली तेव्हा २३ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. तिथल्या नर्सेसना पाहिलं तेव्हापासून हे काम करावंसं वाटतंय, आता ठरवलंय. ग्रीन कार्ड आहे. आधीची पदवी असणाऱ्यांसाठीचे नर्सिंगचे ॲक्सिलरेटेड, म्हणजे कमी मुदतीचे, कोर्स पाहून तीन निवडलेत. एक १२ महिन्यांचा, थिअरी ऑनलाइन, क्लिनिकल, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, ते देतील त्या हॉस्पिटलात, फी ६८ हजार डॉलर. दुसरा स्टेट युनिव्हर्सिटीचा, १५ महिन्यांचा, प्रत्यक्ष जायचं, ४४ हजार. तिसरा दोन वर्षांचा, थेट मास्टर्स. प्रवेशाआधी लागणारे विषय, प्रीरिक्विझिट्स करून घेईन. नवऱ्याची काही हरकत नाही, त्याला आठवड्यातून दोनच दिवस जर्सी सिटीला ऑफिसला जावं लागतं. सासूबाई सहा महिने येऊन राहतील, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण त्या करतील, त्यामुळे लेकीचं बघायचा प्रश्न नाही. तीन महिने वाचवू की २४ हजार डॉलर?
— एडिसनहून एक वाचक

बाळ,

दुसरा घे. पंधरा महिन्यांचा.

पहिल्या कोर्सचे वाचलेले तीन महिने गाडीत जातील. ‘ते देतील ते हॉस्पिटल’ कधी कधी दीड-दोन तासांवर असतं, आणि पावणेसातला तिथे युनिफॉर्ममध्ये उभं राहायचं असतं. मास्टर्सचा विचार आत्ता नको. ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना मिळणारं ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद केलंय, आणि आधी दोन वर्षं वॉर्डात काढल्याशिवाय पुढे कशात शिकायचं ते कळतही नाही. दुसऱ्या कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे ना, न्यू जर्सी बोर्ड ऑफ नर्सिंगची मंजुरी आहे ना, आणि त्यांची किती मुलं पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, पास होतात, एवढं बघून घे. कोर्सचं माझ्या दृष्टीने इथे संपलं.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. ‘सासूबाई सहा महिने येऊन राहतील, त्यामुळे लेकीचं बघायचा प्रश्न नाही.’ तू दहा वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत होतीस. मग हे वाक्य तुझ्या नजरेतून कसं सुटलं? कोर्स पंधरा महिन्यांचा आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला विमानतळावर साधारण सहा महिन्यांचाच मुक्काम मिळतो. उरलेल्या नऊ महिन्यांत लेकीला कोण बघणार?

आणि हिशेब पंधरा महिन्यांचाही नाही. ‘प्रीरिक्विझिट्स करून घेईन’ हे तू असं लिहिलंयस, जणू ते एका शनिवारी उरकणार आहे. बीईच्या मार्कशीटवर बायोलॉजी नाही. केमिस्ट्री आहे, पण ती पंधरा वर्षांपूर्वीची, आणि पुष्कळ ठिकाणी पाच-सात वर्षांपेक्षा जुने विषय चालत नाहीत. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एक, ते पास झाल्यावर दोन, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स. बहुतेक विषयांना लॅब. म्हणजे निदान दोन सेमिस्टर, बहुधा तीन. मग पंधरा महिने. मग एनक्लेक्स. मग पहिली नोकरी, आणि नव्या नर्सला सहसा मिळते ती रात्रपाळी. तू तीन वर्षांची गोष्ट करते आहेस आणि त्यासाठी तुझ्याकडे आहेत गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंचे सहा महिने.

एक दिवस डोळ्यांसमोर आण. फेब्रुवारीतला मंगळवार. क्लिनिकलसाठी तू पावणेसहाला घर सोडलंयस. अकरा वाजता शाळेच्या नर्सचा फोन येतो, लेकीला ताप आहे, घेऊन जा. तुझा फोन लॉकरमध्ये आहे आणि तू एका पेशंटची कूस बदलते आहेस. सासूबाईंना गाडी येत नाही, बाहेर बर्फ आहे. शाळेला कोण जाणार? आणि ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय शाळा मुलाला घेत नाही, म्हणजे बुधवारी घरी कोण? क्लिनिकलचा दिवस चुकला तर तो भरून द्यावा लागतो, आणि ॲक्सिलरेटेड कोर्समध्ये भरून द्यायला दिवसच शिल्लक नसतात. या कोर्समधून हुशार बायका बाहेर पडताना मी पाहिल्यात. औषधाच्या डोसचं गणित न जमल्यामुळे नाही. अकरा वाजताच्या फोनमुळे.

त्या फोनला जायला तुझ्या घरात एक धडधाकट, गाडी चालवणारा, पाचांपैकी तीन दिवस घरातच काम करणारा माणूस आहे. तुझ्या सगळ्या पत्रात त्याच्या वाट्याला तीन शब्द आलेत. काही हरकत नाही.

‘हरकत नाही’ हे शेजाऱ्याने म्हणायचं असतं, बाळ. आपण गच्चीत लोणच्याच्या फोडी वाळत घातल्या तर. ज्या घरात आई पंधरा महिने पहाटे बाहेर पडणार आहे, त्या घरातल्या बापाने ‘हरकत नाही’ म्हणून कसं चालेल? तो चांगला असेल. बहुतेक असेलच. पण तुझं शिकणं त्याला तुझी वैयक्तिक हौस वाटतंय. तो त्याला परवानगी देतोय, आणि त्या परवानगीची किंमत त्याची आई सांगलीहून की साताऱ्याहून येऊन भरणार आहे. आणि तूही ते धरून चाललीस. फी, महिने, क्लिनिकल सगळं मोजलंस. त्याला तू मोजलंच नाहीस, याचा मला जास्त राग आला.

मी मिरजेला जनरल नर्सिंग केलं, परदेशी नर्सेसना अमेरिकेसाठी द्यावी लागणारी सीजीएफएनएसची परीक्षा दिली आणि १९८८ साली इथे आले. पहिली नऊ वर्षं रात्रपाळी, सात ते साडेसात. दोन मुलं त्याच काळातली. आमच्या घरीही कुणाची हरकत नव्हती. सकाळी साडेआठला मी घरात शिरायचे तेव्हा सिंकमध्ये रात्रीची भांडी असायची आणि मुलांचे डबे माझी वाट बघत असायचे. नवरा प्रेमळ होता. माझ्या पगाराचा, युनिफॉर्मवरच्या माझ्या नर्सिंगच्या पिनचा त्याला अभिमान होता, चारचौघांत सांगायचा. मी झोपायचे चार तास. एकदा गाडी सिग्नलला उभी असताना मला झोप लागली, मागच्या माणसाने हॉर्न दिला म्हणून जागी झाले. त्या दिवशीही घरी जाऊन मी डबेच भरले, काही बोलले नाही. मला वाटायचं, मागितलं तर तो म्हणेल सोड नोकरी. तो तसं म्हणाला असता की नाही, हे मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. तू विचारायचंस.

फक्त तोंडी विचारून भागणार नाही. तोंडी विचारलंस तर ‘करू की’ असं उत्तर येईल. म्हणून एकच कर. एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे. येत्या सेमिस्टरला तिथे ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एकला नाव घाल, संध्याकाळची बॅच मिळाली तर उत्तम. लॅबला प्रत्यक्ष जायचंच, ऑनलाइन घेऊ नकोस, पुढे काही कोर्स ऑनलाइन लॅब मान्य करत नाहीत. हा विषय कुठेही गेलीस तरी लागणारच आहे, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत.

आणि तेवढे चार महिने सासूबाईंना आणू नकोस.

वर्गाच्या संध्याकाळी घर त्याचं. जेवण, अंघोळ, होमवर्क, उद्याचा डबा, झोपवणं. तू कुकर लावून जायचं नाहीस. फ्रिजवर चिठ्ठी लावायची नाहीस. वर्गात फोन पर्समध्ये, आवाज बंद. शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर त्याचा कर, तुझा दुसरा. लेक पहिले दोन आठवडे रडेल, तिला तूप-भात तुझ्याच हातचा हवा असेल. तू घरी येशील तेव्हा ओटा जसा असेल तसा राहू दे. हे तुला हाडांची दोनशे सहा नावं पाठ करण्यापेक्षा जड जाणार आहे, मला माहीत आहे. पण नोव्हेंबरपर्यंत तुला दोन गोष्टी स्वच्छ दिसतील: तुला हा विषय झेपतो का, आणि तुझ्या घरात दुसरा पालक आहे का. डिसेंबरमध्ये दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर पंधरा महिन्यांच्या कोर्सची तयारी बिनधास्त कर. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ४४ हजार डॉलर भरायच्या आधी ते कळलेलं बरं.

तुझ्या त्या २३ दिवसांबद्दल मी काही लिहिलं नाही, कारण त्यावर माझी शंकाच नाही. एनआयसीयूच्या काचेमागे उभं राहून जिला त्या नर्सेसचे हात आठवत राहिले, ती वॉर्डात टिकेल. म्हणून तर इतकं खरमरीत लिहिते आहे.

सासूबाईंना ‘आत्ता तिकीट काढू नका’ हे सांगावं लागेल. तो फोन तू करू नकोस. त्याला करू दे, आई त्याची आहे.