घरात वेगवेगळ्या पक्षांचे समर्थक असताना निवडणुकीची माहिती घेण्यासाठी कौटुंबिक बैठक कशी घ्यावी?

आपले सासरे एका पक्षाचे, दीर दुसऱ्या पक्षाचे आणि घरातील दोन मुले प्रथमच मतदान करणार. अशा वेळी वादावादी न होता सर्वांना एकत्र बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. बसवता येते, मात्र बैठकीचा विषय ‘मत कोणाला’ हा नसून ‘मतदान कसे’ हा असावा लागतो. आमच्या पुण्यातील घरी अशा दोन बैठका झाल्या. पहिल्या वेळी आमची जी चूक झाली ती आधी सांगतो.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते. भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी आली होती आणि सगळे जमणारच होते, म्हणून जेवणानंतरचा तासभर यासाठी राखून ठेवला. मोबाइलवर एकेकाचे नाव मतदारयादीत शोधू लागलो तेव्हा असे दिसले की, लग्नाला चार वर्षे होऊनही वहिनींचे नाव माहेरच्या, म्हणजे सांगलीच्या यादीतच होते. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरता आला असता. परंतु उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २९ ऑक्टोबरलाच संपली होती आणि ती संपल्यावर त्या निवडणुकीपुरता यादीत बदल होत नाही. वहिनी अखेर मतदानासाठी सांगलीला जाऊन आल्या. मतदार ओळखपत्र पर्समध्ये आहे म्हणजे इथल्या यादीत नाव असणारच, असे त्यांच्याप्रमाणे आमच्यापैकी बऱ्याच जणांनी गृहीत धरले होते. म्हणून आपण ही बैठक निवडणूक जाहीर होण्याच्या बऱ्याच आधी घ्यावी. मुलांसाठी नमुना ६, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज लागेल. पूर्वी केवळ १ जानेवारी हीच पात्रता तारीख, म्हणजे ज्या दिवशी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख असे. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

त्याच दुपारी आम्ही आमच्या मतदारसंघातील काही उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून छापून घेतली होती. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथेवर दिलेली ही माहिती कोणालाही पाहता येते. वाद टळावा म्हणून मी नाव आणि पक्ष यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. हा उपाय दहा मिनिटेही टिकला नाही, कारण शेतजमिनीच्या रकान्यातील गावाचे नाव वाचताच काकांनी उमेदवार ओळखला. तरीही वाचन थांबले नाही. प्रलंबित गुन्हे आणि दोषसिद्धी यांचे रकाने वेगवेगळे का, या प्रश्नावर वकिली शिकणाऱ्या पुतणीने गुन्हा दाखल होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे आणि शिक्षा होणे या तीन टप्प्यांतील फरक इतका नीट समजावला की, एरवी एकमेकांचे बोलणे तोडणारे काका आणि माझे वडील निमूटपणे ऐकत राहिले. समोर कागद असला की माणसे एकमेकांऐवजी कागदाशी वाद घालतात, हा माझा अनुभव आहे. याउलट भाषणांच्या चित्रफिती लावू नयेत; आम्ही एक लावली आणि पुढची पंधरा मिनिटे वाया गेली.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र बैठकीत कोणी विचारलाच नाही. चहा गाळताना आत्याने मला हळूच विचारले, “आपण कोणतं बटण दाबलं ते नंतर घरी कळतं का रे?” तिचे वय त्या वेळी ६८ होते आणि आजवरची सारी मते तिने यजमानांनी सांगितलेल्या चिन्हालाच दिली होती. मी तिला सांगितले की, मतदान यंत्राला जोडलेल्या, चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते, मतदाराचे नाव नसते, आणि ती चिठ्ठी आपोआप बंद पेटीत पडते. केंद्रावरील नोंदवहीत तुम्ही मतदान केल्याची नोंद राहते, कोणाला केले याची नाही. केंद्रनिहाय मतांचे आकडे पुढे उपलब्ध होतात, त्यामुळे ‘तुमच्या बूथवर आम्हाला किती पडली ते कळतं’ असे कार्यकर्ते सांगतात ते खरे आहे. पण त्यावरून एकट्या व्यक्तीचे मत ओळखता येत नाही. एवढे ऐकून ती काही न बोलता कप घेऊन बाहेर गेली. आपल्या घरी हा भाग आपण स्वतःहून, सर्वांसमोर सांगावा, कारण ज्यांना तो ऐकण्याची गरज असते ते चारचौघांत विचारत नाहीत.

दुसरी बैठक १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानापूर्वी घेतली. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि पुण्यात प्रभाग बहुसदस्यीय असल्याने आमच्या प्रभागात प्रत्येकाला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची होती. हे तोंडी सांगून कोणाच्याच लक्षात राहीना. शेवटी मुलांनी चार रंगांच्या कागदांवर चकली, चिवडा, अनारसे, शेव असे उमेदवार उभे केले, प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) हा पर्याय ठेवला आणि चपलांच्या खोक्यात मतदान घेतले. पहिल्या फेरीत काका एकच मत देऊन उठले आणि आत्यानेच त्यांना परत बसवले. ‘ड’ जागेवर नोटाला सर्वाधिक मते पडली, म्हणून त्या जागेसाठी पुन्हा मतदान घेतले, कारण या निवडणुकीत नोटा पहिला आला तर काय होते हे मुलांनी आधीच वाचून ठेवले होते.