त्सुनामी किती मीटरची? आधी सांगा, कुठून मोजली

समुद्र इथून अडीच-तीनशे किलोमीटर दूर, तरी जगात कुठे मोठा भूकंप झाला की सोलापूरकरांचे प्रश्न येऊ लागतात. किल्लारीचा १९९३ चा भूकंप इथले लोक विसरलेले नाहीत, आणि आज घरोघरी कुणी ना कुणी चेन्नईला, विशाखापट्टणमला नाहीतर कोकणात आहे. प्रश्न विचारतात याचा मला आनंदच आहे. पण बहुतेक पत्रांत घोटाळा एकच असतो: लाटेची उंची. म्हणून या वेळी आलेल्या प्रश्नांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : अलास्कात ५२४ मीटर उंच त्सुनामी आली होती म्हणे. सोलापूर तर साधारण साडेचारशे मीटरवर आहे. मग आपल्यालाही धोका आहे का? (नवी पेठ)

नाही. ९ जुलै १९५८ ला अलास्कातल्या लिटुया या अरुंद खाडीत भूकंपामुळे डोंगराचा कडा पाण्यात कोसळला. समोरच्या उतारावर पाणी उसळलं आणि ५२४ मीटर उंचीपर्यंतची झाडं उपटली गेली. हा आकडा पाणी उतारावर किती चढलं त्याचा आहे. खाडीतून पुढे गेलेली लाट त्यापेक्षा कितीतरी लहान होती. तिथे नांगरलेल्या एका बोटीवरचे बापलेक ती लाट येऊन गेल्यावरही जिवंत राहिले. अरबी समुद्र आणि आपल्यामध्ये सह्याद्री उभा आहे. निर्धास्त राहा.

प्रश्न : उजनी धरणात त्सुनामी येऊ शकते का? (टेंभुर्णी)

समुद्रातली येणार नाही. भूकंपाने साठलेलं पाणी हेलकावे मात्र खाऊ शकतं, २००४ च्या सुमात्राच्या भूकंपात बंगालमधल्या तळ्यांत तसं दिसलं होतं. धरणाच्या सुरक्षिततेबद्दल जलसंपदा विभागालाच विचारा, फॉरवर्ड आलेल्या व्हिडिओला नको.

प्रश्न : जपानच्या २०११ च्या त्सुनामीची उंची एका ठिकाणी ९ मीटर वाचली, दुसरीकडे १५ आणि तिसरीकडे ४०. शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? (जुळे सोलापूर)

तिन्ही आकडे बरोबर आहेत. हे नीट समजून घ्या, कारण याच एका गोष्टीवर मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करत आलो आहे.

सोमा बंदरातल्या भरतीमापकाने ९.३ मीटर नोंदवले. मूळ नोंदीत त्यापुढे ‘किंवा अधिक’ असे शब्द आहेत, कारण त्यानंतर मापकाची नोंदच तुटली. बातमी देणाऱ्याने ते दोन शब्द गाळले की अर्थच बदलतो. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात पाणी सुमारे १५ मीटर पातळीपर्यंत पोचलं. हे इमारतींवरच्या खुणांवरून ठरलं. आणि मियाकोजवळच्या आनेयोशीत, चिंचोळ्या दरीत घुसलेलं पाणी उतारावर सुमारे ४० मीटर उंचीपर्यंत चढलं. मापक वेगळे, जागा वेगळ्या, मोजलेली गोष्टही वेगळी.

एकाच गावात, एकाच लाटेचे सुद्धा तीन आकडे निघतात. समजा एका घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ जमिनीपासून २.१ मीटरवर आहे. ही झाली तिथल्या पाण्याची खोली. ती जमीन, आपण मोजतो त्या क्षणीच्या समुद्राच्या पातळीपेक्षा २.४ मीटर उंच आहे. म्हणजे रेघ आत्ताच्या समुद्रापासून ४.५ मीटरवर. पण लाट आली तेव्हा भरती होती आणि समुद्र आत्तापेक्षा ०.४ मीटर वर होता, तेवढे वजा करा. त्सुनामीची त्या जागची उंची ४.१ मीटर. मग आणखी आत जा. चढावर जिथे पाणी थांबून परत फिरलं, तिथे काटक्या, थर्माकोल, चपला यांची ओळ पडलेली असते. ती आत्ताच्या समुद्रापासून ५.३ मीटरवर असेल, तर भरतीचा फरक काढून पाण्याची चढाई ४.९ मीटर. आता वार्ताहर विचारतो, “सर, लाट किती मीटरची?” कुणी २.१ सांगतो, कुणी ४.१, कुणी ४.९. आणि छापून येतं की तज्ज्ञांत मतभेद.

स्टुलावर उभ्या असलेल्या मुलाची उंची कुणी फरशीपासून मोजेल का? इथे नेमकं तेच चालतं. म्हणून आकडा ऐकला की विचारा: कुठून मोजला, कशावरून मोजला, आणि भरतीची दुरुस्ती केली का? चेन्नईला भरती-ओहोटीचा फरक मीटरभराच्या आसपास असतो, म्हणून दुरुस्ती लहान असते. मुंबईला मोठ्या उधाणात तो चार मीटरच्या वर जातो. तिथे दुरुस्ती न करता दिलेली उंची फेकून देण्याच्याच लायकीची. भूकंपाने किनाराच खचला असेल तर तीही दुरुस्ती आली. २००४ मध्ये निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खाली गेलं आणि दीपगृहाचा पाया पाण्यात आला. तिथे भूकंपापूर्वीची पातळी धरून मोजणाऱ्याचं गणित साफ चुकणार.

एखादा आकडा कामासाठी वापरायचा असेल, तर बातमीतून उचलू नका. मूळ सर्वेक्षण अहवाल काढा आणि भूगर्भशास्त्राच्या किंवा सर्वेक्षणाच्या जाणकाराकडून तो वाचून घ्या.

प्रश्न : समुद्र आधी मागे गेला तरच त्सुनामी येते ना? (अशोक चौक)

नाही. २००४ मध्ये थायलंडला समुद्र आधी मागे गेला, आपल्या पूर्व किनाऱ्यावर पाणी आधी चढलं. किनाऱ्यावर जोराचा किंवा बराच वेळ धक्का जाणवला की वाट न बघता उंच जागी निघायचं.

प्रश्न : रत्नागिरीजवळ प्लॉट बघतोय. एजंटने जागेवर मोबाइलमधलं अ‍ॅप दाखवलं, उंची १८ मीटर. म्हणाला, प्लॉट ‘त्सुनामी-सेफ’ आहे, म्हणून दर जास्त. घ्यावा का? (होटगी रोड)

त्या अ‍ॅपच्या आकड्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. फोनचा उपग्रहावरून काढलेला उंचीचा आकडा कित्येक मीटरने चुकू शकतो. शिवाय काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासून मोजतच नाहीत. पृथ्वीचा जो गणिती, गुळगुळीत आकार मानलेला आहे त्याच्यापासून मोजतात. अशी अ‍ॅप कोकण किनाऱ्यावर वाळूत उभ्या असलेल्या माणसालाही उणे पन्नासच्या खालची उंची दाखवतात. काही अ‍ॅप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. एजंट कोणतं दाखवतोय ते तुम्हालाही माहीत नाही आणि बहुधा त्यालाही नाही. सोलापूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर उंची लिहिलेली असते, ती सरासरी समुद्रसपाटीपासूनची. आपल्याला तसला आकडा हवा, आणि तो सर्वेअरने पक्क्या बेंचमार्कपासून (जिची उंची आधीच ठरलेली आहे अशा खुणेपासून) लेव्हल आणून काढावा लागतो.

‘त्सुनामी-सेफ’ कोणत्या कार्यालयाने ठरवलं, हे एजंटकडून लेखी मागा. कोकणाला धोका शून्य नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये पाकिस्तानकडच्या मकरान किनाऱ्याजवळच्या ८.१ तीव्रतेच्या भूकंपाने मुंबईपर्यंत सुमारे दोन मीटरची त्सुनामी आली होती. उधाणाच्या वेळी आलेले दोन मीटर आणि ओहोटीला आलेले दोन मीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक. खाडीच्या तोंडाशी असलेला प्लॉट आणि कड्यावरचा प्लॉट यांतही. सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा बघा, परवानाधारक सर्वेअरकडून उंची काढून घ्या, वकिलाला कागद दाखवा. इसार त्यानंतर.

प्रश्न : मी सिव्हिलची विद्यार्थिनी आहे. कॉलेजात ऑटो लेव्हल (आडवी पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) वापरलाय. त्सुनामीनंतर किनाऱ्यावर मोजणी करतात ती अशीच का? आणि रेघ खरी की खोटी हे कसं ओळखतात? (विजापूर रोड)

छान प्रश्न. हो, पाया तोच: समुद्राच्या काठापासून लेव्हल चालवत खुणेपर्यंत जायचं, आणि काठावरची वेळ मिनिटासकट लिहायची, म्हणजे नंतर भरतीची दुरुस्ती करता येते. आता टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), अचूक जीपीएस, लेझर हे सगळं मदतीला आहे. उपकरण शिकायला आठवडा पुरतो, खूण ओळखायला जन्म जातो.

समुद्राकडे तोंड असलेल्या भिंतीवर पाणी आपटून उडतं, म्हणून तिथली रेघ खऱ्या पातळीपेक्षा वर असते. घरात जा. मागच्या खोलीत, जिथे खिडकीची काच शाबूत आहे, तिथे पाणी संथ चढलेलं असतं आणि चिखलाची रेघ चारही भिंतींवर एका लेव्हलला मिळते. तिच्यावर विश्वास ठेवायचा. सुरूच्या झाडाच्या फांदीत अडकलेलं जाळं फसवतं: प्रवाहात फांदी वाकते, जाळं अडकतं, पाणी ओसरलं की फांदी पुन्हा वर उठते. खोडाची सोललेली साल सुद्धा जपून धरायची, कारण वाहत आलेली होडी पाण्याच्या पातळीच्या वरही आपटते. खाऱ्या पाण्याने करपलेलं गवत चढाईची हद्द दाखवतं, पण ते करपायला काही दिवस जातात. प्रत्येक खुणेसमोर ती कितपत भरवशाची हे लिहायचं. जपानमध्ये २०११ नंतर विद्यापीठांच्या पथकांनी मिळून पाच हजारांवर ठिकाणी मोजमाप केलं, ते अशाच नोंदींमुळे आजही कामाला येतं.

हौसेने एकटी जाऊ नकोस. ज्या घरात मोजायचं, तिथे माणूस गेलेलं असतं. प्राध्यापकांशी बोल, अधिकृत पथकाबरोबर जा, घरच्यांना विचारून मगच स्टाफ टेकव.

प्रश्न : जुलै २०२५ मध्ये रशियातल्या कामचट्काच्या भूकंपानंतर जपानने ३ मीटरचा इशारा दिला आणि लाट दीड मीटरही आली नाही. लोकांना उगाच पळवलं ना? (बार्शी)

उगाच नाही. भूकंप ८.८ तीव्रतेचा होता आणि इशारा लाट मोजण्याआधी द्यावा लागतो. उलट बाजू पाहा: २०११ मध्ये इवाते किनाऱ्याला पहिला इशारा ३ मीटरचा होता. नंतर आकडा वाढवला, पण तोवर वीज गेली होती आणि सगळ्यांपर्यंत तो पोचला नाही. इशारा मोठा ठरला म्हणून चिडणं मला समजत नाही. आणि दीड मीटर म्हणजे किरकोळ नव्हे, अर्धा मीटर वाहतं पाणीही माणसाला पाडतं.

प्रश्न : मुलगी मछलीपट्टणला दिली आहे. भूकंपाची बातमी आली की जीव थाऱ्यावर राहत नाही. खरी माहिती कुठे मिळेल? (पूर्व भाग)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. २००४ मध्ये त्या किनाऱ्यावरही माणसं गेली. तेव्हा आपल्याकडे इशारा यंत्रणा नव्हती. २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत ती चोवीस तास चालते. खोल समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक यांवरून लाट खरंच निघाली का, हे तपासलं जातं. सुमात्रा-अंदमानकडून निघालेल्या लाटेला आपल्या मुख्य भूमीवर पोचायला साधारण दोन-तीन तास लागतात, म्हणजे हातात वेळ असतो. मुलीला सांगा: इन्कॉइस आणि जिल्हा प्रशासनाचाच इशारा मानायचा, घरापासून उंच जागेची वाट आत्ताच चालून बघायची, आणि पहिली लाट ओसरली म्हणून परतायचं नाही. पुढची मोठी असू शकते. तिच्या गावातल्या लोकांना सुरक्षित जागी हलवण्याचा आराखडा तहसील कार्यालयात विचारायला सांगा.

प्रश्न : सीनेचा पूर घरात शिरला होता. दिवाळीच्या आधी रंग दिला. आता पंचनाम्यात पाण्याची उंची विचारतात. अंदाजाने सांगितलं तर चालेल का? (मोहोळ)

अंदाज आहे हे स्पष्ट सांगून सांगा, नेमका आकडा म्हणून नको. नदीच्या पुराची रेघ आणि त्सुनामीची रेघ मोजायची रीत एकच, आणि दोन्हींचा शत्रूही एकच: उशीर. एक पाऊस, एक झाडू, एक डिस्टेंपरचा हात, आणि पुरावा गेला. तुमच्या कपाटामागे, जिन्याखाली, मीटरच्या पेटीत, गोठ्याच्या न रंगवलेल्या भिंतीवर रेघ अजून असेल, ती शोधा. शेजारच्या घरातली रेघ पाण्याच्या नळीने लेव्हल करून तुमच्या भिंतीवर आणता येते, गवंडी रोज ते काम करतो. रेघेजवळ टेप धरून, तळ आणि रेघ दोन्ही दिसतील असा फोटो काढा, मागे तारीख लिहा. मग तलाठ्यांना दाखवा आणि त्यांच्याकडे नोंद होईपर्यंत त्या भिंतीला हात लावू नका.