वाचकांचे प्रश्न : रोजच्या वापरासाठी जुनी अबार्थ पुंटो

प्रश्न : घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत. 2016 ची फियाटची अबार्थ पुंटो पाहिली आहे, 62,000 किलोमीटर चाललेली, दुसऱ्या मालकाची. घरचे म्हणतात, कंपनीने बंद केलेली गाडी रोजसाठी घेऊ नकोस. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : घ्या, पण खरेदीची सगळी रक्कम गाडीवर लावू नका. किमतीच्या पंधरा-वीस टक्के पैसे पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत नसतील, तर ही गाडी सोडून द्या. घरच्यांची काळजी रास्त आहे, पण या गाडीला ती अर्धीच लागू पडते. अबार्थ म्हणजे फियाटच्या साध्या पुंटोचीच ताकदवान आवृत्ती, आणि पुंटो पुण्याजवळ रांजणगावलाच बनायची. बॉडी, दरवाजे, काचा, सस्पेन्शनचे बरेच भाग साध्या पुंटोशी जुळतात. इंजिन फियाटच्याच लिनिया टी-जेट या सेडानच्या कुटुंबातलं. त्यामुळे पुण्यात सुटे भाग आणि हात बसलेले मेकॅनिक मिळतात. फक्त अबार्थचेच असलेले भाग, म्हणजे स्प्रिंग, अलॉय, पट्टे आणि विंचवाचे बिल्ले, शोधावे लागतात.

आधी गाडी खरी अबार्थ आहे याची खात्री करा. साध्या पुंटोला पट्टे आणि बिल्ले लावून विकणारे आहेत. आरसीवरच्या 1368 सीसीवर जाऊ नका, साध्या 1.4 पेट्रोल पुंटोचं इंजिनही तेवढंच आहे. मॉडेलचं नाव वाचा, मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत का बघा, बॉनेट उघडून टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि त्याच्या जाड होज शोधा. अस्सल गाडी 145 बीएचपी आणि 212 न्यूटन-मीटरची.

पाहायला सकाळी जा, आणि विकणाऱ्याला सांगून ठेवा की इंजिन गार हवं. सुरू करताच निळा धूर आला तर ऑइल जळतंय: टर्बो किंवा व्हॉल्व्ह सील. कूलंटच्या टाकीत तपकिरी गाळ किंवा तेलकट थर दिसला तर तिथूनच परत या. मग एसी लावून गाडी पंधरा मिनिटं उभी चालू ठेवा. रेडिएटरच्या पंख्याचा रेझिस्टर जळाला असेल तर कमी वेगाचा पंखा फिरत नाही, आणि सिग्नलला एसी कोमट हवा देऊ लागतो. भाग स्वस्त आहे, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दुर्लक्ष केलंत तर इंजिन तापेल.

क्लच तपासायला तिसऱ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर गेला आणि वेग मागे राहिला तर प्लेट संपली. रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या गाड्यांत हे लवकर होतं, म्हणून रीमॅप झालंय का हे सरळ विचारा. रोजच्या वापरासाठी कंपनीच्या मूळ मॅपवरची गाडीच बरी.

खडबडीत रस्त्यावर पुढून टकटक आली तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रट माउंट गेलंय. तिन्ही सापडतात आणि तिन्ही बदलता येतात, भावातून कमी करून घ्या. स्टिअरिंग रॅकमधून गळती असेल तर मात्र खर्च मोठा. या पुंटोचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, ऑइलची टाकी आणि रॅकची रबरी बुटं हात लावून बघा. ग्राउंड क्लिअरन्स 155 मिलिमीटर आहे, तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून खालचं गार्ड आणि सायलेन्सर घासलेत का तेही पाहा.

डॅशबोर्डवर चित्रविचित्र दिवे लागत असतील, स्टार्टर जड फिरत असेल, तर ईसीयू (इंजिनचा संगणक) बदलायला सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका. आधी गिअरबॉक्सकडून बॉडीला जाणारी अर्थ वायर काढून घासून बसवा. एअरबॅगचा दिवा बऱ्याचदा सीटखालच्या कनेक्टरचा निघतो.

शहरात लिटरला 8 ते 10 चा अ‍ॅव्हरेज धरा. टाकी 45 लिटरची आहे, म्हणजे आठवड्या-दीड आठवड्यात पंप गाठावा लागेल. टायर 195/55 आर 16. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, 2219 म्हणजे 2019 चा 22 वा आठवडा. पाच-सहा वर्षांचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला.

कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28. थकीत ई-चलान आणि एचएसआरपी नंबर प्लेट व्यवहाराआधी मालकाकडूनच उरकून घ्या.

प्रश्न : टायमिंग बेल्टला (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा रबरी पट्टा) लाख किलोमीटरपर्यंत हात लावायची गरज नाही, असं मेकॅनिक म्हणतो. अबार्थ पुंटो घेतोय, 55,000 चालली आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : किलोमीटर कमी असले तरी रबर वर्षांनी म्हातारं होतं. बिल हातात नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा आणि गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात बदला. या 16 व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, हेड उतरवावं लागतं. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच घाला, मजुरी एकदाच पडेल.

मेकॅनिककडे कॅमशाफ्ट लॉक करायची टूल आहेत का, हे आधी विचारा. खडूच्या खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याकडे हे काम देऊ नका. काम झाल्यावर स्कॅनर लावून फॉनिक व्हीलचं (इंजिनचे फेरे मोजायचं दातेरी चक्र) रीलर्निंग करावं लागतं, नाहीतर चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. सिंथेटिक 5डब्ल्यू-40 ऑइल सुमारे 3 लिटर बसतं. टर्बो गाडीला हा साठा लहान आहे, म्हणून दर 7,500 किलोमीटरला बदला आणि डिपस्टिक पंधरवड्याला बघा. हायवेवरून उतरल्यावर अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवून मग बंद करा, टर्बोतलं तेल करपणार नाही.

प्रश्न : ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने अबार्थचं जुनं टर्बो इंजिन खराब होतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ही गाडी ई20 साठी बनलेली नाही, तरी घाबरून विकायची गरज नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटतो. वाढलेला ऑक्टेन टर्बोच्या फायद्याचाच आहे. खरा धोका जुन्या रबराला आणि ओलाव्याला. वर्षातून एकदा फ्युएल होज आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग तपासा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रश्न : अबार्थऐवजी फियाटचीच पालिओ 1.6 जीटीएक्स रोजसाठी चालेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रोजसाठी नको. 2001 साली आलेली 100 बीएचपीची ही गाडी चालवायला अजूनही सुंदर आहे, पण 15 वर्षं उलटल्यामुळे फिटनेस तपासणी, पुनर्नोंदणी आणि हरित कर आलाच, आणि 1.6 इंजिनाचे भाग हुडकावे लागतात. एका सेन्सरसाठी गाडी दोन आठवडे उभी राहू शकते. घरात दुसरी गाडी असेल आणि रविवारी चालवायची असेल, तर गंज नसलेली, मूळ इंजिनाची पालिओ जरूर घ्या. गंज बघताना मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा आधी तपासा.