मीखा 5:5 मधला अश्शूरी आणि आपली शांती

तुम्ही विचारलंय की, अश्शूरी आमच्या देशात शिरेल तेव्हा बेथलेहेमातून निघणारा राजा हाच आमची शांती होईल असं बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याचं पुस्तक (5:5-6) म्हणतं. पण अश्शूरचं साम्राज्य तर येशूच्या जन्माआधी सहाशे वर्षं बुडालं, मग ही भविष्यवाणी समजायची कशी?

मलाही हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. नाताळात आपण बेथलेहेम एफ्राथाचं वचन वाचतो, फार तर चौथ्या वचनापर्यंत जातो. मग पुढचा अश्शूरी एकदम अंगावर येतो. मीखाच्या श्रोत्यांना मात्र तोच आधी दिसत होता.

मीखा मोरेशेथचा, यहूदाच्या सखल भागातला. त्याच्या हयातीत, इ.स.पू. 722 च्या सुमारास, उत्तरेकडच्या इस्राएलची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडली. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदात घुसला. 46 तटबंदीची नगरं घेतली आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं त्यानेच कोरून ठेवलंय. मीखाच्या गावाजवळचं लाखीश याच स्वारीत गेलं. त्या वेढ्याचं शिल्प अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात होतं, आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचे फोटो मी कितीदा तरी बघितलेत. तटाला लावलेला उतार, बाणांचा मारा, आणि एका बाजूला गाव सोडून निघालेली कुटुंबं. बैलगाडीत बोचकी आणि त्यांवर बायकापोरं. मीखाने ओळखीची माणसं अशीच जाताना पाहिली असतील.

आता पाचवं वचन पुन्हा वाचा. शत्रू येणारच नाही, असा दिलासा त्यात कुठेही नाही. तो येईल, आमचे राजवाडे तुडवील, आणि त्याच वेळी ‘हा शालोम होईल’. शालोम म्हणजे सगळं धड, सुखरूप असणं. पैसे मोजून ते मिळवायचा प्रयत्न हिज्कीयाने केला होता. 300 किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि 30 किक्कार सोनं दिलं (2 राजे 18), तरी सन्हेरीबाची फौज यरुशलेमाच्या वेशीशी आलीच.

याच वचनात अश्शूरीविरुद्ध उभे राहणारे ‘सात मेंढपाळ आणि आठ अधिपती’ येतात, त्यांची नावं शोधत बसू नका. आपण ‘सात-आठ जण’ म्हणतो तशीच ही हिब्रू बोलण्याची रीत आहे. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातही ‘तीन, किंबहुना चार’ अपराध येतात. राखायला लागतील तेवढी माणसं उभी राहतील, एवढाच त्याचा अर्थ.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. सहावं वचन म्हणतं, ते अश्शूर देशावर तलवारीने सत्ता चालवतील. निनवे इ.स.पू. 612 मध्ये बाबेली आणि मेदी फौजांनी पाडलं, यहूदाच्या तलवारीने नव्हे. म्हणजे सहावं वचन शब्दशः लावता येत नाही, हे मान्य करायला हवं. पण एज्रा 6:22 बघा. तिथे पारसाच्या राजाला ‘अश्शूरचा राजा’ म्हटलंय, निनवे पडून जवळपास शंभर वर्षं झाल्यावर! देवाच्या लोकांवर जी सत्ता चालून येते तिला हे नाव चिकटलं होतं, असं मी यावरून समजतो. मत्तयाने बेथलेहेमचं वचन येशूला लावलं (2:6). मीही ख्रिस्ती म्हणून तसंच मानतो आणि पुढची शांतीही त्याचीच धरतो. यहूदी वाचक त्या राजाची अजून वाट बघतात.

मीखाच्या पहिल्या अध्यायातली 8 ते 16 वचनं आधी वाचा, अनवाणी फिरत तो याच गावांसाठी रडतोय. मग पाचवा अध्याय उघडा. यहूदी आवृत्ती हाताशी असेल तर तिथे हे वचन 5:4 वर सापडेल.